साहेबांची डावी किडनी

साहेबांच्या डाव्या किडनीत गाठ निघाली ही बातमी ऑफिसात माझ्या आधी पोहोचली, आणि मी तर साहेबांचा सख्खा मेहुणा. लिफ्टमध्ये हिशेब विभागातल्या एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "धीर धरा." मला वाटलं, बढतीबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, "धरलाच आहे की, नोकरीला लागल्यापासून." ते माझ्याकडे बघतच राहिले. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली, आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून पुन्हा बंद झालं तरी मी आतच उभा होतो.

साहेब घरी माझे भाऊजी. ताईचा नवरा. नोकरी त्यांनीच लावून दिली, त्यामुळे ऑफिसात त्यांना साहेब म्हणायचं आणि घरी भाऊजी. नेमक्या कुठल्या पायरीवर हा बदल करायचा, ते मला अजून साधलेलं नाही.

आमची कंपनी एक कार्ड बनवते. संगणक आणि डिस्क यांच्यामध्ये बसून हे कार्ड माल इकडचा तिकडे करतं. त्याला हुकूम कसे द्यायचे हे संगणकाला समजावून सांगणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर साहेबांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि माणसं पहिल्या मुलाबद्दल बोलतात तसं ते त्याच्याबद्दल बोलत. त्याच्यात कोणी खोट काढली की ते शांतपणे म्हणत, "पुन्हा घडवून दाखवा." खोट अशी असते की साहेबांसमोर उभी केली की ती लाजते. तक्रार बंद होई. मी त्या कार्डाबरोबर येणारी माहितीपुस्तिका लिहितो. ती खोक्याच्या तळाशी असते आणि खोक्याबरोबरच कचऱ्यात जाते.

तर आमचं कार्ड वापरणाऱ्या एका स्कॅन सेंटरने नवा संगणक घेतला, आणि त्या आनंदात साहेबांना सपत्नीक संपूर्ण तपासणी भेट दिली. लोक फुलं देतात, भिंतीवरचं घड्याळ देतात. यांनी दोघांची पोटं सीटी स्कॅनमध्ये घालून काढली. ताईचा रिपोर्ट स्वच्छ आला. साहेबांच्या रिपोर्टात डाव्या किडनीवर गाठ.

सर्जननी फिल्म दिव्यावर धरली आणि गुरुवार दिला. किडनी अख्खी काढायची. अशा गाठीत आधी तुकडा घेऊन बघत बसत नाहीत, काढायची आणि मग तपासायची, असं ते म्हणाले. ही कार्यपद्धती साहेबांना ओळखीची वाटली असावी. ते मान डोलावून घरी आले.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. ताईच्या बाबतीत हे चटकन ओळखता येत नाही, कारण बोलणं चालूच राहतं.

"ये. बस. पाणी पी. तुला कळलं ना? यांना बघ, पेपर वाचताहेत. माणसाची किडनी निघाली आणि हे हवामान बघताहेत."

"अजून निघालेली नाही," भाऊजी पेपरामागून म्हणाले. "आणि तू आलास ते बरं झालं. हे वाच."

त्यांनी रिपोर्ट पुढे केला. मी घाबरतच घेतला. त्यांचं बोट गाठीवर नव्हतं, त्याच्या चार ओळी खाली होतं. मी मोठ्याने वाचलं, "त्वचेखालील चरबी अत्यल्प."

"अत्यल्प," भाऊजी म्हणाले. किडनी जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलेलं नव्हतं. ही ओळ त्यांनी फोनवरून आधीच तीन नातेवाइकांना वाचून दाखवली होती, हे मला मागाहून कळलं.

"कुणाची?" ताईने विचारलं.

"माझी. माझाच रिपोर्ट आहे ना?"

"अहो, तुमच्या शर्टाचं पोटावरचं बटण मी दर आठवड्याला लावते. दोरा जाड आणला या वेळी."

"ते बाहेरून. डॉक्टर आतून बघतात."

"आतून तरी कुठे जाणार आहे ते?" असं म्हणून ताईने रिपोर्ट माझ्या हातातून ओढून घेतला. ती चष्मा लावून पहिल्यापासून वाचू लागली. ताई सूचनापत्रकंसुद्धा पूर्ण वाचते. माझी पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचलेली ती जगातली एकमेव व्यक्ती आहे, आणि तिने त्यात शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या.

वाचता वाचता ती थांबली. मागे गेली. पुन्हा वाचलं.

"अहो, तुमचं पित्ताशय कुठाय?"

"कुठे असणार? जिथल्या तिथे..." भाऊजी बोलायचे थांबले.

"यात लिहिलंय, पित्ताशय सामान्य आकाराचे, खडे नाहीत."

भाऊजींचं पित्ताशय तीन वर्षांपूर्वी काढलं होतं. त्यातले खडे बाटलीत घालून त्यांनी शोकेसमध्ये ठेवले होते, कंपनीने दिलेल्या ढालीच्या शेजारी, आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी तिकडे पाहिलं. खडे होते. ढालही होती.

भाऊजींनी सेंटरला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून. पलीकडचा सहायक अजिबात गडबडला नाही. "ते वाक्य आधीच टाइप केलेलं असतं, सर. सगळ्यांच्या रिपोर्टात येतं. गाठीचं मात्र मॅडमनी स्वतः लिहिलंय."

"बघ," फोन ठेवून भाऊजी म्हणाले. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. स्वतःला गाठ आहे याची खात्री पटल्यावर हायसं वाटलेला माणूस मी प्रथमच बघत होतो. "छापील मजकूर. आपल्याकडेही असतो."

"मग गाठ छापील नाही कशावरून?"

"गाठ फिल्मवर दिसते. सर्जननी पाहिली. मीसुद्धा पाहिली."

"तुम्हाला गाठ ओळखता येते?"

"दाखवल्यावर येते."

ताईने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. नळ सोडला, म्हणजे बोलणं बाहेर जाऊ नये. "तुझी पुस्तिका वाचूनही तुमचं ते कार्ड नक्की काय करतं हे मला आजवर कळलेलं नाही," ती म्हणाली, "आणि मी कधी विचारलं नाही. पण ते सेंटर तुमचंच कार्ड वापरतं ना? उद्या कोणा शहाण्या माणसाला विचार. असं होतं का विचार. गुरुवारी हे जाऊन झोपतील टेबलावर. यांना ओळखतेस ना मी..." ती चुकीचं बोलली, थांबली, आणि नळ बंद केला. ताईचं बोलणं चुकलेलं मी लहानपणापासून ऐकलं नव्हतं.

*

चाचणी विभागात एक बाई आहे, तिला सगळे शंका म्हणतात. तिचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. तिने काढलेल्या शंकांपैकी बहुतेक साहेबांनी परत पाठवल्या आहेत, आणि तरी ती रोज वेळेवर येते. मी तिला पित्ताशयाचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. तिचा चेहरा पांढरा पडला.

"कुठलं सेंटर?"

मी सांगितलं.

"त्यांची तक्रार आली होती गेल्या महिन्यात. एका कुस्तीगिराच्या छातीच्या स्कॅनमध्ये मधोमध गुडघा दिसला म्हणून."

"कुस्तीत होत असेल तसं."

"दुसऱ्याचा गुडघा." ती हसली नाही. "साहेबांनी लिहिलं, आमच्याकडे घडत नाही. मी प्रयोगशाळेत पुष्कळ प्रयत्न केला. खरंच घडेना." मग तिने एकदम विचारलं, "त्यांच्या नव्या संगणकात मेमरी किती आहे?"

"भरपूर असणार. नवा आहे ना."

शंका हळूच खुर्चीत बसली.

"हे बघ," ती म्हणाली, "समजा, संगणकाची मेमरी म्हणजे एक इमारत आहे. आपलं कार्ड म्हणजे पार्सलवाला. डिस्कवरून माल उचलतो आणि थेट फ्लॅटमध्ये नेऊन ठेवतो. मध्ये वॉचमनला विचारत नाही. वेग येतो तो त्यामुळेच."

"हे मी पुस्तिकेत लिहिलंय."

"कोणी वाचलंय?"

"ताईने."

"तर या पार्सलवाल्याकडच्या चिठ्ठीवर फ्लॅटच्या नंबरासाठी दोनच चौकोन आहेत. नव्व्याण्णवपर्यंत ठीक. इमारत लहान होती तोवर कोणाचं काही बिघडलं नाही. आता इमारत वाढली. एकशे बारा नंबरचं पार्सल आलं, की हा पुढचा एक सोडून देतो. चौकोनच नाही ना त्याला! आणि माल बारा नंबरमध्ये टाकून येतो. वर सांगतो, पोचलं."

"आणि बारा नंबरवाल्याचं जे सामान होतं ते?"

"गेलं. त्याच्या जागी हे आलं."

"एकशे बारावाला आरडाओरडा करत नाही?"

"त्याला निरोप मिळालाय की पोचलं. तो दार उघडतो. आत आधीचं कोणाचं तरी काहीतरी पडलेलं असतं. तो तेच आपलं समजतो."

मी मनातल्या मनात भाऊजींचा फ्लॅट शोधू लागलो. नंबर मात्र तेव्हा विचारला नाही.

"मग ड्रायव्हर काय करतो?"

"त्याने आधीच सांगायला हवं की बाबांनो, माझ्या माणसाला दोनच आकडे लिहिता येतात. तेवढं सांगितलं की इमारतीतले लोक सोय करतात. खालच्या मजल्यावर एक खोली ठेवतात, माल तिथे उतरवून घेतात आणि स्वतः वर नेतात. जरा वेळ लागतो, पण चुकत नाही. आपला ड्रायव्हर सांगतो की आमचा माणूस कुठलाही नंबर लिहितो."

"का सांगतो?"

"कारण कार्डावरच्या नव्या चिपला येतं लिहिता. कार्ड नव्या चिपचं होणार म्हणून ड्रायव्हर बदलला. मग गोदामात जुन्या चिप शिल्लक निघाल्या, तर त्या संपेपर्यंत त्याच लावायचं ठरलं. हे ड्रायव्हरला कोणी कळवलं नाही."

"आणि तुमच्या चाचण्या? मोठमोठी मेमरी घातलेली यंत्रं आहेत की तुमच्याकडे. त्यांचा फोटो आहे पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर."

"तेच मला कळत नाहीये," असं म्हणून ती उठली आणि आम्ही प्रयोगशाळेत गेलो.

तिने पहिल्या यंत्राला विचारलं, तू किती मेमरी वापरतोस? यंत्र म्हणालं, चार गिगाबाइट. चार गिगाबाइट म्हणजे आपले ते नव्व्याण्णव फ्लॅट. तिने दुसऱ्याला विचारलं. चार. तिसऱ्याला. चार. पोटात सोळा सोळा, बत्तीस बत्तीस भरलेली ती धष्टपुष्ट यंत्रं ओळीने चार म्हणत गेली. शंकाने यंत्र सुरू होताना वाचलं जाणारं सूचनांचं पान उघडलं. त्यात एक ओळ होती, की फक्त पहिले चार वापरावेत. शेजारी टीप होती: तात्पुरते, चाचणी लवकर संपावी म्हणून. खाली साहेबांची आद्याक्षरं. तारीख इतकी जुनी होती की त्या वर्षी मी मिशी ठेवत होतो.

"म्हणजे इतकी वर्षं..." मी म्हटलं.

"दोन आकडी पार्सलवाल्याची आपण दोन आकडी इमारतीत परीक्षा घेत होतो." शंका म्हणाली. "रोज पैकीच्या पैकी."

तिने ती ओळ काढून टाकली आणि चाचणी लावली. पडदा लाल व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. वरपासून खालपर्यंत लाल. आयुष्यभर शंका काढणाऱ्या त्या बाईने, खरी निघाल्यावर, दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"साहेबांना सांगायला हवं," मी म्हटलं.

"तू सांग. तू घरचा आहेस."

"म्हणूनच तू सांग."

शेवटी दोघंही गेलो. साहेब रजेवर जाण्याआधी कामं वाटून देत होते. शंकाने सगळं सांगितलं, पार्सलवाल्यासकट. ऐकता ऐकता त्यांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि घरंगळत खाली गेलं. कोणी उचललं नाही.

"माझ्या ड्रायव्हरमध्ये?" ते म्हणाले.

"हो, सर."

"पुन्हा घडवून दाखवलंस?"

"दाखवते." तिने लॅपटॉप पुढे केला. लाल पडदा त्यांच्या चष्म्यात उमटला.

"सेटिंग चुकलं असेल."

"सर," शंका शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाली, "तुमची किडनी कदाचित चांगली आहे."

"ते नंतर बघू. आधी हा विषय संपू दे." साहेब उठून खिडकीशी गेले. "इतक्या बँकांत आहे हा. इतक्या इस्पितळांत. हे मान्य केलं तर मला एकेकाला कळवावं लागेल, की तुमच्याकडे जे साठवलंय त्यातलं कोणाचं काय कोणाकडे गेलंय ते आम्हाला माहीत नाही. कळतंय तुम्हाला?"

"कळतंय, सर."

"आणि समजा तसं नसलं तर? समजा गाठ माझीच असली तर? ड्रायव्हरही गेला आणि..." मग, ऑफिसच्या बजेटबद्दल बोलावं तितक्या शांतपणे म्हणाले, "किडन्या दोन असतात."

शंकाने माझ्याकडे पाहिलं. मी शंकाकडे पाहिलं. मी फोन काढला आणि ताईला लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

"भाऊजी म्हणताहेत किडन्या दोन असतात," मी सांगितलं.

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"अहो."

"अगं, मी ऑफिसच्या कामात..."

"गुरुवारी कापून घ्यायला निघालात ते कुठलं काम आहे? ऑफिसचं की घरचं? त्या बाईला सेंटरवर जाऊ द्या."

"त्याला मंजुरी लागते. ग्राहकाच्या यंत्राला हात लावायचा म्हणजे..."

"मंजुरी कोण देतं?"

"मी."

"मग द्या. मी निघालेय. तुम्ही आला नाहीत तर मी एकटी त्या डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहून सांगेन, आमच्या ह्यांचा प्रोग्रॅम गचाळ आहे म्हणून."

फोन बंद झाला. साहेबांचे कान लाल झाले होते. गाठ ऐकून ते इतके दुखावले नव्हते.

"गचाळ नाहीये तो," कोट अंगात चढवत ते म्हणाले. "फक्त एक मर्यादा सांगायची राहिली आहे."

*

सेंटरमधल्या रेडिओलॉजिस्ट बाई काटकुळ्या आणि दमलेल्या होत्या. दिवसभर माणसं आतून बघितल्यावर बाहेरच्या चेहऱ्यांत फारसा रस उरत नसावा. त्यांनी आम्हा चौघांना अंधाऱ्या खोलीत घेतलं. ताई आमच्या आधीच पोहोचून खुर्ची अडवून बसली होती.

"त्या दिवशी यांची चित्रं तुम्ही कशी उघडली होती?" शंकाने विचारलं.

"नेहमीसारखीच. नवरा-बायको म्हणून दोघांची एकदम उघडली, शेजारी शेजारी. आधी यांची, लगोलग बाईंची. वेळ वाचतो." त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "डिस्कवर जे आहे तेच पडद्यावर येणार ना?"

"डिस्कवरचं बरोबर असेल. वाटेत पत्ता चुकत असावा," शंका म्हणाली. तिने तीच ओळ, तीच ती तात्पुरती ओळ, सेंटरच्या संगणकावर घातली, म्हणजे तोही फक्त पहिले चार वापरेल आणि चुकायला जागाच उरणार नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. साहेब भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो किडनीसाठी की ड्रायव्हरसाठी हे मला त्या अंधारात ठरवता आलं नाही.

रेडिओलॉजिस्ट बाईंनी भाऊजींचं स्कॅन उघडलं.

पडद्यावर एक पोट आलं. मला स्कॅनमधलं काही कळत नाही, पण हे मलाही कळलं. भोवती चरबीचा असा जाड पट्टा होता की आतले अवयव सतरंजीत गुंडाळून ठेवल्यासारखे दिसत होते.

"अगं बाई," ताई म्हणाली. "हेच ते."

रेडिओलॉजिस्ट बाई पुढे वाकल्या. पित्ताशयाच्या जागी पित्ताशय नव्हतं. ऑपरेशनमध्ये लावलेल्या धातूच्या चिमट्यांचे तीन बारीक ठिपके तिथे चमकत होते. त्या चित्रं पुढे सरकवत गेल्या. उजवी किडनी. डावी किडनी. वरून खाली, खालून वर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काही नाहीये," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "दोन्ही स्वच्छ आहेत. मी हे... हे चित्र माझ्यापुढे आलंच नव्हतं त्या दिवशी. मी हे पाहिलंच नाहीये."

भिंतीवरून घसरत भाऊजी जवळजवळ उकिडवे बसले, मग उठले, मला मिठी मारली, मग शंकाला मिठी मारायला गेले आणि वाटेत थांबून त्यांनी तिच्याशी हात मिळवला. "सगळ्यांना कळवतो," ते म्हणत होते. "प्रत्येक ग्राहकाला. आजच. माझ्या सहीने. चूक आहे, म्हणजे आहे. माणसाने चूक मान्य करावी, काय?"

"चरबी अत्यल्प!" ताई हसता हसता डोळे पुसत होती. "तीन ठिकाणी फोन केले हो यांनी. आता त्या तिघांना काय सांगणार?"

"सांगेन ना, भरपूर आहे म्हणून! देवाच्या कृपेने भरपूर आहे!"

मीही हसत होतो. त्यामुळे शंका हसत नाहीये हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. ती पडद्याकडे बघत होती, भाऊजींच्या चित्राशेजारच्या रिकाम्या चौकटीकडे. रेडिओलॉजिस्ट बाईही तिकडेच बघत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग बाईंनी, ताईच्या पाठीआडून, आवाज न करता बटण दाबलं.

चौकटीत दुसरं पोट आलं. सडपातळ. पित्ताशय जागेवर. हे चित्र मी ओळखलं. तीच फिल्म भाऊजींनी त्यांच्या दिवाणखान्यातल्या खिडकीच्या काचेला लावून आल्यागेल्याला दाखवली होती, स्वतःची म्हणून. डाव्या किडनीवर तीच गोल सावली होती. कोपऱ्यात ताईचं नाव होतं.

"हे का लावलंत परत?" भाऊजी हसतच म्हणाले. "हे तर ते चुकीचं."

रेडिओलॉजिस्ट बाईंनी कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं.

भाऊजींनी ते वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. कोणीतरी दिवा बंद करायला विसरल्यासारखं तिथेच राहिलं.

"अजून एक चूक आहे यात," ते शंकाला म्हणाले. "बघ. अजून कुठेतरी पत्ता चुकतोय."

"सर..."

"पुन्हा सुरू कर."

तिने पुन्हा सुरू केलं. तेच चित्र आलं.

"दुसऱ्या यंत्रावर लाव. त्यांचं जुनं असेल ना?"

जुन्या यंत्रात मेमरी मुळातच चार होती. तिथेही तेच आलं. रेडिओलॉजिस्ट बाई हलक्या आवाजात सांगत होत्या की गाठ लहान आहे, वेळेत दिसली आहे, त्या दिवशी ताईच्या चौकटीत आधीच्या कोणाचं तरी निरोगी पोट आलं असावं, एरवी तिचा रिपोर्ट स्वच्छ म्हणून कपाटातच राहिला असता. भाऊजी ऐकत नव्हते.

"कार्ड सदोष आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हर सगळा गचाळ आहे. मी लिहिलाय, मला विचार. एक चूक निघाली तिथे दहा निघतील. शोध ना. तू तर शोधतेस. इतकी वर्षं शोधतेस."

शंकाचे डोळे भरून आले होते. "सर, आता बरोबर आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

ताईने पडद्याकडे एकदाच पाहिलं होतं. मग मान फिरवून ती नवऱ्याकडेच बघत होती. तिचा चेहरा मी वाचू शकलो नाही. मी जिचा धाकटा भाऊ आहे त्या बाईचा तो चेहराच नव्हता.

"अहो, ओरडू नका," ती म्हणाली. "बाहेर लोक बसलेत, त्यांचेही रिपोर्ट आहेत हातात." मग रेडिओलॉजिस्ट बाईंकडे वळून तिने विचारलं, "सर्जनची ती गुरुवारची वेळ आहे ना, ती मलाच देतील की पुन्हा रांगेत लागायचं?"

"देतील," बाई म्हणाल्या. "मी बोलते त्यांच्याशी."

"पुन्हा एकदा," भाऊजी शंकाला म्हणाले. "एकदाच. शेवटचं."

शंकाने संगणक पुन्हा बंद केला, आणि सुरू केला. काय दिसणार ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि पडदा काळा असेपर्यंत भाऊजींनी श्वाससुद्धा घेतला नाही. आम्ही सगळे उभे होतो. बसली होती ती एकटी ताई.